वेग हजारो पटींनी वाढला, मग पान उघडायला अजून वेळ का लागतो?

प्रश्न (निळाआकाश):
डायल-अपचे ५६ केबीपीएस आणि आताच्या फायबरचे ३०० एमबीपीएस, म्हणजे पाच हजार पटींहून जास्त वाढ. ५ एमबीच्या गाण्याला तेव्हा १२ मिनिटं लागायची, आता ते क्षणात उतरतं. पण बातम्यांचं पान दोन-तीन सेकंद घेतंच, आणि घरात कुणी फोटो अपलोड करायला घेतले की व्हिडिओ कॉल अडकतो. ६०० चा प्लॅन घेतला तर फरक पडेल का?

तांब्याची_तार:
पानासाठी जवळजवळ नाही. वाढली ती नळाची जाडी. पाणी पोचायला लागणारा वेळ तेवढा घटलेला नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो. सर्व्हर ५,००० किमीवर असेल तर जाऊन-येऊन ५० मिलिसेकंद गेलेच, प्लॅन कुठलाही असो. आणि एक फेरी पुरत नाही. टीसीपी जोडणीची, म्हणजे सर्व्हरशी संपर्क जुळवण्याची एक, टीएलएस (डेटा कूटबद्ध करण्याची पद्धत) १.२ असेल तर आणखी दोन (१.३ मध्ये एक), मग पानाची मागणी. त्यानंतरही सर्व्हर सुरुवातीला साधारण १० पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे), म्हणजे १४ केबीच सोडतो आणि दर फेरीला दुप्पट करत जातो. १ एमबी यायला अशा सात फेऱ्या होतात. ३०० ची लाइन तोवर बहुतेक रिकामीच असते.

अपेक्षाही बदलल्या. ६० केबीच्या पानाला डायल-अपवर आठ-नऊ सेकंद लागायचे आणि ते चालून जायचं. आज २ एमबीचं पान सर्रास दिसतं, शिवाय त्यातली जावास्क्रिप्ट फोनच्या प्रोसेसरला चालवावी लागते. तो वेळ लाइनच्या खात्यावर टाकू नका.

रांगेतला:
कॉल अडकण्याचं कारण वेगळं आहे, आणि ते घरी दुरुस्त होतं. अपलोड १० एमबीपीएस असेल आणि मोडेमच्या बफरमध्ये (पाठवायचा डेटा थांबतो त्या जागेत) १ एमबी साचला, तर तो रिकामा व्हायला ०.८ सेकंद लागतात. कॉलचं पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. तपासायचं असं: लॅपटॉप केबलने राऊटरला जोडा, पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ मोजणारी चाचणी) सुरू ठेवा आणि मोठी फाइल अपलोडला लावा. १५ चे ३०० मिलिसेकंद झाले, तर दोष रांगेचाच.

राऊटरमध्ये एसक्यूएम (रांग लहान ठेवणारी सोय) असेल तर चालू करा, त्यातला प्रकार केक किंवा एफक्यू-कोडेल निवडा. मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. पूर्ण वेग लिहिलात तर रांग पुन्हा मोडेमकडे जाते आणि काही उपयोग होत नाही. साध्या राऊटरच्या प्रोसेसरला ३०० चा डाउनलोड झेपत नाही, वेग निम्म्यावर येऊ शकतो. तसं झालं तर मर्यादा फक्त अपलोडवर लावा. बहुतेक घरांत तेवढी पुरते.

निळाआकाश:
केबलवर पिंग १२ वरून २८० वर गेलं. पण डाउनलोड ९४ च्या वर जातच नाही!

तांब्याची_तार:
९४ हा आकडा १०० एमबीपीएसच्या पोर्टची खूण. १०० ला केबलमधल्या तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला (१,००० एमबीपीएस) चारही लागतात. एक तार तुटली किंवा पिनला नीट टेकली नाही की जोडणी गुपचूप १०० वर उतरते. आधी दुसरी कॅट-५ई केबल लावून पाहा. मग राऊटरचे लॅन (घरातल्या उपकरणांचा) आणि वॅन (बाहेरच्या लाइनचा) दोन्ही पोर्ट गिगाबिट आहेत का ते बघा. एसक्यूएमसाठीचं मोजमाप हे सुटल्यावरच घ्या, नाहीतर मर्यादा ९४ वर बेतली जाईल.