शब्दचर्चा: ‘बफर करप्ट झाला’ म्हणजे भ्रष्ट, दूषित की नासलेला?

पाटीपेन्सिल
लिनक्सच्या कर्नलमधल्या (गाभ्यातल्या) एफट्रेस या घडामोडी नोंदणाऱ्या साधनाच्या रिंग बफरवर, म्हणजे फिरून फिरून वापरायच्या साठ्यावर, मराठी टिपण तयार होतंय. ‘बफर करप्ट झाला’ याला मी ‘बफर भ्रष्ट झाला’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘दूषित’ केलं. भ्रष्ट माणूस असतो, वस्तू नव्हे, असं त्यांचं म्हणणं. पण दूषित म्हणजे बाहेरची घाण मिसळली. इथे बाहेरचं काहीच येत नाही. दोन लिहिणारे आपापली बरोबर माहिती एकाच जागी लिहितात आणि दोन्ही नोंदी वाया जातात. याला काय म्हणावं?

निंबोणी
तपासणाऱ्यांचा आक्षेप चुकीचा आहे. धातू ‘भ्रंश्’, अर्थ जागेवरून सुटणं, खाली पडणं. स्थानभ्रष्ट, तपोभ्रष्ट हे शब्द आपण आजही वापरतो. लाचेचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

गोखरू
निंबोणी, तुम्ही सांगितलेली व्युत्पत्ती इथे नेमकी बसते. एफट्रेसमध्ये साधारणपणे ४०९६ बाइटांचं पेज (मेमरीचा ठरीव तुकडा) असतं. ६४-बिट यंत्रावर पहिले १६ बाइट पेजचं शीर्ष: ८ बाइट वेळ, ८ बाइट कमिट, म्हणजे किती बाइट लिहून पुरे झाले तो आकडा. पुढे नोंदी. प्रत्येक नोंदीचं शीर्ष ३२ बिटांचं: ५ बिट प्रकार आणि लांबी, २७ बिट आधीच्या नोंदीपासूनचा वेळ. दोन नोंदींमध्ये कसलीही खूणगाठ नाही. पुढची नोंद कुठे सुरू होते ते फक्त आधीच्या लांबीवरून कळतं. ती एक लांबी चुकली की वाचणारा जागेवरून सुटतो आणि पेज संपेपर्यंत माहितीलाच शीर्ष समजून वाचत जातो. वेळही फरकानेच साठवलेली, त्यामुळे तीही कुठल्या कुठे जाते. पुढच्या पेजला स्वतःची वेळ असते, तिथे गाडी पुन्हा रुळावर. हा शब्दशः भ्रंश आहे.

काजळी
संस्कृतकडे धावण्याआधी पोथ्यांकडे बघा. नकलताना बिघडलेल्या पाठाला जुना मराठी शब्द आहे ‘अबद्ध’. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा शेवटच्या ओव्यांत हाच शब्द वापरला. मूळ ग्रंथ शुद्ध, पाठांतरात अबद्ध शिरलं. बफरचंही तेच: माहिती शुद्ध, उतरवताना अबद्ध.

आडवाट
काजळी, शब्द सुंदर आहे, पण आज वाचणाऱ्याला ‘न बांधलेलं’ एवढंच कळेल. आणि मुळात इथे एका शब्दाने भागणार नाही. तीन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या एकत्र कालवून भाषांतर केलं तर वाचणारा चुकीच्या जागी दोष शोधत बसेल.

पहिली, ओव्हररन. बफर भरला आणि जुन्यावर नवं लिहिलं गेलं. हा दोष नाही, ठरवून केलेलं आहे. प्रत्येक सीपीयूच्या ‘स्टॅट्स’ फाइलमध्ये आकडा दिसतो; नको असेल तर ‘बफर_साइज_केबी’, म्हणजे बफरचा आकार, वाढवा. ‘कमिट ओव्हररन’ ही वेगळी ओळ आहे: लिहिणं चालू असताना आलेल्या इंटरप्टांनी (चालू काम थांबवणाऱ्या हाकांनी) इतकं लिहिलं की शेपूट, म्हणजे लिहिण्याची जागा, फिरून अजून पुऱ्या न झालेल्या पेजला भिडली. तेव्हा नवी नोंद टाकून दिली जाते.
दुसरी, माहिती लिहून व्हायच्या आधीच ‘झालं’ असा आकडा पुढे सरकला. वाचणाऱ्याला तिथे मागच्या फेरीचे बाइट मिळतात, कारण पेज परत वापरताना आतली माहिती पुसत नाहीत.
तिसरी, गोखरूंनी सांगितली ती.

माझे शब्द: सांडलं, शिळं, नासलं. स्वयंपाकघरात हे तिन्ही कोणी एकमेकांच्या जागी वापरत नाही.

सायंतारा
‘शिळी नोंद’ला +१. पर्फ या लिनक्सच्या दुसऱ्या मोजमाप-साधनाच्या बफरमध्ये हे घडतं. तिथे डोकं म्हणजे लिहिणारा पोचला ती जागा, शेपूट म्हणजे वाचणारा पोचला ती. डोकं कुठे आहे ते वाचल्यावर, माहिती वाचण्याआधी, मेमरी बॅरियर (क्रम मोडू न देणारी आज्ञा) हवा; माहिती वाचून झाल्यावर, शेपूट पुढे करण्याआधी, दुसरा. एक्स८६ जातीच्या प्रोसेसरांवर वाचनांचा आपसातला क्रम प्रोसेसर पाळतो, म्हणून बॅरियर विसरला तरी बहुतेक वेळा खपून जातं. आर्म६४ जातीच्या प्रोसेसरांवर तोच कोड अधूनमधून शिळं वाचतो.

काजळी
तांत्रिक ग्रंथात ‘नासलं’? सावरकरांनी दिनांक, महापौर असे शब्द दिले ते घडवून. आपण दुधाच्या पातेल्यातून उचलायचे?

आडवाट
जरूर उचलायचे. दूध नासतं तेव्हा बाहेरून काही पडावंच लागत नाही. पाटीपेन्सिल यांचा ‘दूषित’वरचा आक्षेप तोच होता.

निंबोणी
‘रेस कंडिशन’चं, म्हणजे कोण आधी पोचतो यावर निकाल बदलण्याच्या दोषाचं, काय केलंत? ‘शर्यत-स्थिती’ असेल तर गंमत बघा. शर्यत आली अरबी ‘शर्त’वरून, म्हणजे अट. अटीतटी, पैज, धावण्याची शर्यत असा तिचा प्रवास. कंडिशन शब्दातच होती!

गोखरू
‘शर्यत’ दिशाभूल करते. एकाच सीपीयूवरचे लिहिणारे एकमेकांशी धावत नाहीत, ते एकमेकांच्या पोटात शिरतात. साधं काम, त्यात सॉफ्टआयआरक्यू (कर्नलचं मागे ठेवलेलं इंटरप्टचं काम), त्यात इंटरप्ट, त्यात एनएमआय (अडवता न येणारा इंटरप्ट). आतला पूर्ण झाल्याशिवाय बाहेरचा हलत नाही. प्रत्येकजण आधी जागा धरतो, एसटीत रुमाल टाकावा तशी, मग लिहितो. कमिट पुढे नेण्याचा मान सर्वांत बाहेरच्याचा. हा नियम मोडला की बिघाड. याला मी ‘घुसखोरी’ म्हणेन. खरी शर्यत वाचणारा आणि लिहिणारा यांच्यात.

पाटीपेन्सिल
टिपणात शोधायची पद्धतही आहे, तिथे शब्द चुकला तर माणूस फसेल. बरोबर आहे का बघा: ‘ट्रेसिंग_ऑन’मध्ये ० लिहून थांबवा. डीमेसेगमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) रिंग बफरची वॉर्निंग आहे का पाहा. आतली तपासणी फसली की बफर स्वतःच नोंदणी बंद करतो. मग ‘ट्रेस_पाइप_रॉ’मधून कच्चं पेज घ्या आणि नोंदींच्या लांब्या बेरजेने कमिटशी जुळतात का बघा.

गोखरू
बरोबर, पण कमिटचे ३१ आणि ३० क्रमांकाचे बिट आधी काढा. ते हरवलेल्या नोंदींची खूण आहेत. राहिले तर चांगलं पेजही नासलेलं वाटेल. लांबीचा आकडा १ ते २८ असेल तर त्याच्या चौपट बाइट माहिती, अधिक ४ बाइट शीर्ष. ० असेल तर लांबी पुढच्या ४ बाइटांत. २९ म्हणजे भरणी, ३० म्हणजे वाढीव वेळ, कारण २७ बिटांत नॅनोसेकंद १३४ मिलिसेकंदांपर्यंतच मावतात. केएसॅन (अवैध मेमरीला हात लागला की ओरडणारं साधन) इथे गप्प बसेल, कारण मेमरी वैध आहे, फक्त मजकूर चुकला. केसीसॅन (एकाच जागेवर होणाऱ्या धडका शोधणारं साधन) लावा. आणि मध्ये प्रिंटके (संदेश छापण्याची आज्ञा) घालू नका. वेळ बदलते आणि दोष लपतो.

सायंतारा
‘भरणी’ छान. पण रिंग बफरला काय? ‘वर्तुळाकार साठा’ निर्जीव वाटतो. रहाट म्हणा. पेज म्हणजे गाडगं, पेजांची साखळी म्हणजे माळ.

काजळी
रहाटाचं गाडगं एका ठरलेल्या जागी रितं होतं. ओव्हरराइट रीतीत, म्हणजे जुन्यावर नवं लिहिताना, इथे कोणी न पिता पाणी सांडतं.

सायंतारा
तरीही बसतं. वाचणारा माळेतून भरलेलं गाडगं काढतो आणि त्या जागी स्वतःजवळचं रिकामं अडकवतो. लिहिणारा अजून त्याच गाडग्यावर असेल तर तो तिथेच लिहीत राहतो, पण एकदा बाहेर पडला की परत येत नाही, म्हणून लिहिणाऱ्याला लॉक (दुसऱ्याला थोपवणारं कुलूप) लागत नाही.

आडवाट
अदलाबदल फसते कुठे तेही सांगा. आधीच्या पेजच्या पॉइंटरचे खालचे दोन बिट खुणेसाठी राखलेत: एक ‘हे डोकं’ (एफट्रेसमध्ये वाचणारा पुढे उचलेल ते पेज), दुसरी ‘लिहिणारा डोकं हलवतोय’. वाचणारा पहिली खूण धरून कम्पेअर-एक्सचेंज (अपेक्षित किंमत असेल तरच बदल) करतो; मध्ये दुसरी आली की तो हरतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. रहाटात या दुसऱ्या खुणेला काय म्हणाल?