विषय: अण्णांची सभा – काळ्या पट्ट्या कुणीही स्कॅन करू नका!

चिटणीस, सोमवार रात्री

नमस्कार मंडळी,

शनिवारची अण्णांची स्मृतिसभा साडेचारलाच. हॉल, फुलं, चहा सगळं ठरलंय, त्यावर पुन्हा मेल नकोत. अडचण वेगळीच आहे. काकूंनी काल पत्र्याचा डबा दिला. त्यात अण्णांचा बॅरोग्राफ (ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवताना उंचीची नोंद ठेवणारं यंत्र) आणि खाली काळ्या फॉइलच्या सात पट्ट्या, प्रत्येकीवर एक बारीक चकाकती रेघ. फ्रेम करून स्टेजच्या डाव्या बाजूला लावायच्या आहेत. एक पट्टी उचलली तर बोटाला काजळी लागली. मंगळवारी स्कॅन करून मोठे प्रिंट काढावेत म्हणते. स्कॅनर कुणाकडे आहे?

नाना, सोमवार, अर्ध्या तासाने

ताई, स्कॅनर कुणाकडेही असू दे, पट्टी त्यावर ठेवू नका. झाकण दाबलं की रेघ गेली. काच पुसाल, पट्टी परत मिळणार नाही.

ती काजळी कापराची आहे. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल ड्रमवर ताणून गुंडाळायची, जळत्या कापरावर ड्रम फिरवत पातळ थर धरायचा. ड्रम घड्याळाच्या चावीवर फिरतो, हवेचा दाब कमी होईल तशी यंत्रातली हवाबंद डबी फुगते आणि सुई काजळी खरवडत वर जाते. थर जाड झाला की काजळीचे पोपडे पडतात, पातळ राहिला की रेघ दिसत नाही. उड्डाणानंतर पट्टीवर लाखेचा फवारा मारून ती पक्की करायची असते. ते केलं नसेल तर पट्टी जन्मभर कच्चीच.

आधी कच्ची कुठली आणि पक्की कुठली ते बघा. कडेला, रेघेपासून लांब, कानात घालायची कापसाची काडी हलकेच टेकवा. काळी झाली की कच्ची. सातही तपासा, एकीवरून बाकीच्यांचा अंदाज नको.

खजिनदार, मंगळवार सकाळी

फवारा म्हणजे केसांना मारतात तोच ना? घरात आहे, वेगळा खर्च नको. आज संध्याकाळी हॉलवरच उरकू.

नाना

भाऊ, हॉलमध्ये नाही. एक तर वास, दुसरं म्हणजे तालमीसाठी नमुन्याची पट्टी कापरावर धरावी लागेल, आणि तुमच्या हॉलचा धुराचा अलार्म दिवाळीत काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. उघड्यावर, वारा नसताना.

केसांचा फवारा चालतो, पूर्वी बरेच जण तोच वापरायचे, पण कालांतराने तो पिवळा पडतो. चित्रकार कोळशाच्या चित्रावर मारतात तो फिक्सेटिव्ह बरा. पट्टी आडवी ठेवायची. फवाऱ्याचा डबा हातभर लांब, म्हणजे ४०–५० सेंटिमीटर. फवारा पट्टीवर नेम धरून मारायचा नाही, वरच्या हवेत मारायचा आणि धुकं खाली बसू द्यायचं. जवळून मारलात तर झोतानेच काजळी उडते. एकदम ओलं केलंत तर काजळी थेंबांबरोबर वाहून ठिपके होतात, मग रेघ कुठली आणि ओघळ कुठला ते कळत नाही. तीन पातळ हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. आधी नवीन फॉइलवर काजळी धरून त्यावर करून बघा. ती बिघडली तर रडायला कुणी नाही.

ग्रंथपाल (माई), मंगळवार दुपारी

फवाऱ्याचं तुमचं चालू द्या. चित्रांखालच्या ओळी माझ्याकडे आहेत, त्या परस्पर कुणी बदलू नयेत ही विनंती. मसुदा:

१. "अण्णांनी ५००० मीटर उंची गाठून हिरा मिळवला."
२. "पाच तास हवेत तरंगत राहून रौप्यपदक."

हरकत असल्यास आज रात्रीपर्यंत.

अप्पा, मंगळवार रात्री

माई, दोन्हींना हरकत.

पहिलं: ५००० मीटर उंचीवर जाणं वेगळं आणि ५००० मीटर उंची कमावणं वेगळं. ग्लायडिंगच्या रौप्य, सुवर्ण, हिरा या चढत्या मानांत हिऱ्याला मोजतात ती कमाई: टो (ओढणाऱ्या विमानाचा दोर) सोडल्यानंतरच्या सगळ्यात खालच्या बिंदूपासून पुढच्या सर्वोच्च बिंदूपर्यंत. रौप्याला हीच वाढ १००० मीटर लागते, सुवर्णाला ३०००, हिऱ्याला ५०००. म्हणून तर माणूस टो सोडल्यावर मुद्दाम जरा खाली येतो. पट्टीवर तिथे खाच पडली पाहिजे, नाहीतर तपासणारा विचारतो, विमानाने ओढत नेलं ते कुठे संपलं? अण्णांच्या पट्टीवर खाच स्पष्ट आहे. ताईंनी फोटो पाठवला त्यात कडेला निरीक्षकाने सुईने कोरलंय: खाली ९२०, वर ६१४०. म्हणजे ५२२० ची वाढ. तोच आकडा घाला.

दुसरं: ग्लायडर तरंगत नाही. शांत हवेत तो सतत खालीच येत असतो, चांगला असला तरी सेकंदाला अर्धा-पाऊण मीटर. वर जातो कारण भोवतीची हवा त्याहून वेगाने वर चाललेली असते. "तरंगत" वाचून अण्णांनी कागद परत पाठवला असता. आणि पदक नव्हे, बिल्ला. कोटाला लावतात तेवढासा. रौप्याला पाच तास, १००० मीटरची वाढ आणि ५० किलोमीटर, तिन्ही लागतात. नुसत्या पाच तासांवर काही मिळत नाही.

ग्रंथपाल (माई)

"तरंगत" काढते. "वर जाणाऱ्या हवेच्या आधाराने पाच तास" चालेल? "बिल्ला" मात्र रेल्वेच्या हमालासारखा वाटतो. "मानचिन्ह" लिहीन.

अप्पा

मानचिन्ह म्हणजे माणूस शाल-श्रीफळ शोधतो. पण ते तुमचं खातं. हिरे किती ते तरी नीट लिहा. तीन असतात: उंचीचा ५००० मीटर, आधी जाहीर केलेल्या लक्ष्याचा ३०० किलोमीटर, अंतराचा ५०० किलोमीटर. अण्णांकडे दोन होते, अंतराचा नव्हता. सभेत भावनेच्या भरात कुणी तीन म्हणेल, म्हणून आत्ताच सांगतोय.

खजिनदार, बुधवार

फ्रेम बघून आलो. काचेऐवजी ॲक्रिलिक हलकं, स्वस्त, फुटत नाही. सात घेऊ?

नाना

ॲक्रिलिक नको! पुसलं की त्यावर स्थिर वीज येते, कच्ची काजळी उडून त्याला आतून चिकटते. कोळशाच्या चित्रांनाही म्हणूनच काच लावतात. काच, आणि पट्टी-काच यांच्यात निदान ४ मिलिमीटर पोकळी.

पण मुळात सपाट कशाला करता? वर्षानुवर्षं गोल राहिलेली फॉइल दाबून सरळ केली की सुरकुती पडते आणि सुरकुतीवरची काजळी आधी सुटते. ड्रमच्याच व्यासाची नळी घ्या, पट्टी तिच्यावर होती तशी गुंडाळा, जोडाला मागे कागदी टेप, वर काचेची बरणी उलटी. लोकांना ती यंत्रात कशी बसायची तेही कळेल.

ध्वनी-प्रकाश, बुधवार रात्री

बरण्या मागच्या रांगेतून दिसणार नाहीत, पडद्यासाठी फोटो लागतीलच. दोन दिवे दोन बाजूंनी लावून काढले. रेघ दिसतच नाही, सगळं राखाडी. पोलरायझर लावून पाहिला, काही फरक नाही.

नाना

धातूच्या चकाकीवर नुसता पोलरायझर फारसा चालत नाही. काजळी मंद काळी, रेघ म्हणजे उघडा धातू, आरशासारखा. त्या आरशात काहीतरी पांढरं दिसलं पाहिजे. दिवे बंद करा, खिडकीच्या उजेडात एक पांढरा पुठ्ठा धरा, आणि रेघ पेटल्यासारखी दिसेपर्यंत तिरका करत न्या. कॅमेरा स्टँडवर. नळी थोडी फिरवून चार-पाच फोटो, मग जोडा.

अप्पा

आणि फोटोवर फुटपट्टीने समान अंतराची मीटरची रेषापट्टी आखू नका, हा मोह होतोच. सुई दाब मोजते, उंची नाही. तळाच्या पहिल्या हजार मीटरमध्ये दाब साधारण ११४ हेक्टोपास्कलने घटतो, चार ते पाच हजारांमध्ये ७६ नेच. म्हणजे वरचे हजार मीटर कागदावर बुटके दिसतात. शिवाय सुईचा दांडा कमानीत फिरतो, त्यामुळे वेळेच्या रेषाही सरळ नसतात. डब्यात कॅलिब्रेशनचा कागद असेल, त्यावरूनच आकडे. नसेल तर निरीक्षकाचे दोन आकडे लिहा आणि थांबा.

ध्वनी-प्रकाश, गुरुवार

पुठ्ठ्याने काम झालं. खाचसुद्धा दिसते. आता पेनड्राइव्हवरच्या अण्णांच्या अलीकडच्या .आयजीसी फाइल्स (उड्डाणांच्या डिजिटल नोंदी). एक वर्डमध्ये उघडली, आकडेच आकडे.

अप्पा

उघडलीत ते ठीक, सेव्ह केलीत का? त्या फाइलमध्ये 'बी'ने सुरू होणारी प्रत्येक ओळ म्हणजे एक क्षण: वेळ, अक्षांश, रेखांश, दाबावरून उंची, उपग्रहावरून उंची. शेवटच्या 'जी' ओळी म्हणजे यंत्राची सही. आतलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही, आणि ते उड्डाण तपासणीला खोटं ठरतं. मूळ फाइल तशीच ठेवा, पडद्यावर एक्ससीसोअर या उड्डाण दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत चालवा.

ध्वनी-प्रकाश

सेव्ह केली होती, पण ती प्रत होती. मूळ पेनड्राइव्हवर आहे, हात लावलेला नाही.

खजिनदार

क्लबवाले ग्लायडरचा मधला भाग ट्रेलरवरून आणून पार्किंगमध्ये ठेवतो म्हणतायत. मुलांना आत बसवता येईल. परवानगी देऊ?

नाना

द्या, पण कॅनोपीजवळ (वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण) एक मोठा माणूस सतत हवा. उघडी टाकली तर वाऱ्याने आपटून तडकते. उन्हात उघडी राहिली तर भिंगासारखं काम करते, आतली गादी जळू शकते. बंद करून वर पांढरं कापड. मुलांनी कडेला धरून चढायचं नाही. बोटांचे डाग निघत नाहीत म्हणून कुणी काच पुसायचं निळं औषध आणेल, ते अजिबात नाही. अमोनियाने ॲक्रिलिकला बारीक चिरा पडतात. भरपूर पाणी आणि मऊ कापड.

चिटणीस, शुक्रवार

सात पट्ट्यांपैकी चार पक्क्या, तीन कच्च्या. हिऱ्याची कच्चीच आहे. काकू म्हणाल्या, फवारा मारू नका, आहे तशी राहू दे. तेव्हा ती फवाऱ्याविना बरणीत.

नाना

मग ती डिकीत ठेवून आणू नका. बरणी उभी, मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसा. आणि गाडी भाऊंनी चालवायची नाही.