‘नेट गेले’ म्हणजे नेमके काय गेले? लिनक्सवरील नेटवर्क सेवेच्या स्थितींसाठी मराठी शब्द

मूळ प्रश्न (कर्वेनगर)

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात वाचकांसाठी तीन संगणक आहेत. तिन्ही उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालतात आणि त्यांची देखभाल आम्ही पाच सभासद पाळीपाळीने करतो. बहुतेक जण निवृत्त आहेत, इंग्रजी वर्तमानपत्र सहज वाचतात, परंतु टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, उमटणारे इंग्रजी हे वेगळ्याच वळणाचे असते. म्हणून नेटवर्क बंद पडल्यास काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे सांगणारा एक मराठी तक्ता भिंतीवर लावण्याचे ठरले व तो लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

पहिल्या खर्ड्यात मी ‘नेटवर्कमॅनेजर ही सेवा सक्षम आहे का, ते पाहावे’ असे लिहिले होते. नेटवर्कमॅनेजर म्हणजे संगणकाच्या वायफाय व केबलच्या जोडण्या सांभाळणारा पडद्यामागचा कार्यक्रम. गेल्या महिन्यात एका सकाळी वायफायवर चालणारा संगणक इंटरनेटला जोडला जाईना, तेव्हा पाळीवर असलेल्या काकूंनी तक्त्याप्रमाणे ‘सिस्टमसीटीएल स्टेटस नेटवर्कमॅनेजर’ ही आज्ञा दिली. उत्तरात ‘एनेबल्ड’ हा शब्द दिसल्यावर ‘सेवा सक्षम आहे’ अशी नोंद त्यांनी वहीत केली आणि दोष बाहेरचा असावा असे समजून जोडणी पुरवणाऱ्यांकडे तक्रार नोंदवली. प्रत्यक्षात त्याच उत्तराच्या पुढच्या ओळीत ‘इनॲक्टिव्ह (डेड)’ असे लिहिलेले होते. काकूंनी वाचले ते बरोबरच वाचले. माझ्या शब्दाने त्यांची दिशाभूल केली.

‘एनेबल्ड’, ‘ॲक्टिव्ह’, ‘डेड’, ‘फेल्ड’ आणि ‘मास्क्ड’ या पाच शब्दांसाठी असे मराठी शब्द हवे आहेत, की जे वाचून माणूस योग्य ठिकाणी हात घालील. नुसता प्रतिशब्द नको आहे.

प्रतिसाद (नारायण पेठ)

‘सक्षम’ हा शब्द येथे मुळातच चुकतो. मराठीत सक्षम म्हणजे अंगी बळ किंवा पात्रता असलेला. ‘सक्षम अधिकारी’ हा प्रयोग आपण सरकारी कागदांत रोज वाचतो. सेवा सक्षम आहे म्हटल्यावर ती ठणठणीत आहे असेच कोणीही समजेल.

त्याहून मोठा घोळ ‘सुरू’ आणि ‘चालू’ यांचा आहे. आपण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतो, तरी त्यांच्यात भेद आहे. ‘सुरू’ हा अरबीतून आलेला शब्द आरंभाचा क्षण दाखवतो, तर ‘चालू’ हा ‘चालणे’ या क्रियापदापासून आलेला शब्द आरंभानंतर टिकून राहिलेली स्थिती दाखवतो. ‘नाटक साडेनऊला सुरू झाले’ आणि ‘नाटक अजून चालू आहे’ ही वाक्ये ताडून पाहावीत. म्हणून आज्ञेसाठी ‘सुरू करा’ आणि स्थितीसाठी ‘चालू आहे’ असा नेम तक्त्यात कटाक्षाने पाळावा. ‘सेवा सुरू आहे का?’ या प्रश्नात ती आत्ता चालते आहे का असे विचारले की ती कधी सुरू झाली होती असे विचारले, हे ऐकणाऱ्याला निश्चित कळत नाही.

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. पुण्यात ‘लाईट गेली’, ‘पाणी गेले’ आणि त्याच चालीवर ‘नेट गेले’ असे म्हणतात. लाईट आणि पाणी बाहेरून येते, ते गेले की घरातल्या माणसाने वाट पाहण्यापलीकडे करण्यासारखे थोडेच असते. ‘नेट गेले’ म्हणताना तीच समजूत नकळत सोबत येते, की दोष बाहेर आहे आणि आपण वाट पाहायची आहे. काकूंनी बाहेर तक्रार नोंदवली, त्यात ‘सक्षम’इतकाच या क्रियापदाचाही वाटा असावा. त्याऐवजी वायफाय लागत नाही, साइट उघडत नाही, नाव सापडत नाही, असे म्हटले की प्रत्येक क्रियापद दोषाची वेगळी जागा दाखवते.

प्रतिसाद (औंध)

माझे काम सर्व्हर सांभाळण्याचे आहे, म्हणून आधी वस्तुस्थिती मांडतो आणि मग शब्द सुचवतो.

आपण ज्या शब्दांविषयी विचारले आहे, ते सिस्टमडी या, लिनक्सवरील सेवा सुरू करणाऱ्या व थांबवणाऱ्या प्रणालीचे आहेत. ती २०१० मध्ये आली आणि उबुंटू व ती जिच्यावर बेतलेली आहे ती डेबियन ही लिनक्स प्रणाली यांनी २०१५ च्या आवृत्त्यांपासून ती मुख्य प्रणाली म्हणून स्वीकारली. तिच्या लेखी ‘एनेबल्ड’ आणि ‘ॲक्टिव्ह’ या दोन परस्परांपासून स्वतंत्र गोष्टी आहेत. ‘एनेबल्ड’ म्हणजे संगणक चालू होताना ही सेवा आपोआप सुरू करावी अशी सूचना नोंदवलेली आहे; ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे ती या घटकेला चालू आहे. यावरून चार जोड्या होतात आणि चारही व्यवहारात आढळतात. आपल्या वाचनालयात बहुधा असे झाले असावे, की आदल्या संध्याकाळी कोणी चाचणी करताना सेवा थांबवली, संगणक बंद न करता तसाच ठेवला, आणि तो नव्याने सुरू न झाल्यामुळे ‘एनेबल्ड’ या सूचनेला काम करण्याची संधीच मिळाली नाही.

आमच्याकडे नवीन मुलांना शिकवताना मी कचेरीचे उदाहरण देतो. ‘एनेबल्ड’ ही नेमणूक आहे आणि ‘ॲक्टिव्ह’ ही हजेरी आहे. नेमणूक असलेला माणूस आज गैरहजर असू शकतो आणि नेमणूक नसलेल्या माणसाला कोणी तेवढ्यापुरते कामाला बोलावलेले असू शकते. ‘मास्क्ड’ ही मात्र प्रवेशबंदी आहे. त्यात सेवेच्या नावाचा दुवा ‘डेव्ह-नल’ या शून्याकडे वळवलेला असतो, त्यामुळे ती आपोआप सुरू होत नाही आणि हाताने सुरू करू म्हटले तरी नकार मिळतो. याला ‘मुखवटा घातलेली’ म्हणणे पूर्ण चुकीचे आहे, कारण मुखवट्यामागे माणूस असतो आणि वावरत असतो.

‘डेड’ या शब्दाविषयी विशेष काळजी घ्यावी. तो वाचून लोक घाबरतात, परंतु तो दोषदर्शक नाही. सेवा सरळपणे थांबवली गेली किंवा अजून सुरूच केली गेली नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. ‘फेल्ड’ मात्र खऱ्या बिघाडाचा आहे: सेवेची प्रक्रिया त्रुटीचा संकेत देऊन संपली, बाहेरून मारली गेली किंवा ठरलेल्या वेळेत उभी राहिली नाही. पहिल्यासाठी ‘थांबलेली’ आणि दुसऱ्यासाठी ‘कोलमडलेली’ हे शब्द मला योग्य वाटतात. ‘अयशस्वी’ टाळावा, सेवा परीक्षेला बसलेली नसते. थांबलेली असेल तर सुरू करावी. कोलमडलेली असेल तर पुन्हा सुरू करण्याआधी ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने तिची रोजनिशी, म्हणजे तिने केलेल्या नोंदी, वाचावी, कारण घाईने पुन्हा सुरू केलेली सेवा त्याच कारणाने पुन्हा कोलमडण्याची शक्यता मोठी असते.

प्रतिसाद (कोथरूड)

‘सेवा’ हा शब्दही एकदा तपासावा अशी विनंती आहे. बँकेची ग्राहकसेवा, देवाची सेवा आणि नेटवर्कमॅनेजर यांना एकच शब्द वापरल्याने नवख्या माणसाला ही कोणी बाहेरून पुरवलेली सोय वाटते. काकूंच्या तक्रारीचे मूळ येथेही असू शकेल.

इंग्रजीत अशा पडद्यामागच्या कार्यक्रमाला ‘डीमन’ म्हणतात. १९६३ च्या सुमारास एमआयटीतील प्रोजेक्ट मॅक या संगणक-प्रकल्पात हा शब्द रूढ झाला आणि त्यामागे भौतिकशास्त्रातील मॅक्सवेलच्या डीमनची कल्पना होती. रेणूंची वर्गवारी करत अखंड काम करणारा तो काल्पनिक जीव होता, आणि मूळ ग्रीक शब्दातही दुष्टपणा अभिप्रेत नाही. आपल्याकडे या अर्थाच्या अगदी जवळ जाणारा शब्द आहे: ‘राखणदार’. कोकणात गावाची किंवा जागेची अदृश्यपणे राखण करणाऱ्या दैवताला राखणदार म्हणतात. वेताळाकडे अनेक गावांत हेच काम आहे, आणि आपल्या वेताळ टेकडीवर तर त्याचे मंदिरच आहे. दिसत नाही, बोलावले नाही तरी हजर असतो, नसला की लगेच जाणवते, ही तिन्ही लक्षणे नेटवर्कमॅनेजरला लागू पडतात.

मूळ प्रश्नकर्ता (कर्वेनगर)

‘राखणदार’ वाचून मनापासून आनंद झाला आणि शिकवताना तो मी जरूर वापरीन. परंतु काकूंना पडद्यावर ‘सर्व्हिस’ हाच शब्द दिसणार आहे, म्हणून तक्त्यात ‘सेवा’ ठेवून पहिल्याच ओळीत ‘ही सेवा या संगणकाच्या आतच चालते’ असे स्पष्ट लिहीन.

सेवा चालू असूनही जोडणी नसेल, तर पुढे काय पाहावे, त्याचाही खर्डा केला आहे. केबल निघालेली असल्यास ‘आयपी लिंक’ या आज्ञेच्या उत्तरात ‘नो-कॅरिअर’ असे येते. त्याला ‘वाहक नाही’ असे लिहिले होते, पण पीएमपीच्या बसमध्ये वाहक म्हणजे कंडक्टर, तेव्हा तो शब्द काढून ‘केबलमधून संकेत येत नाही’ असे केले.

त्यानंतर पत्ता. राउटर संगणकाला डीएचसीपी या पत्तावाटपाच्या पद्धतीने जो पत्ता देतो, तो कायमचा नसतो. इंग्रजीत त्याला ‘लीज’ म्हणतात. येथे ‘भाडेपट्टा’ हा शब्द मला फार समर्पक वाटतो. पुण्यात अकरा महिन्यांचा भाडेकरार ठाऊक नाही असे घर विरळा, आणि करार संपण्याआधीच नूतनीकरणाचे बोलणे काढावे लागते हेही सर्वांना माहीत आहे. संगणकही तेच करतो: मुदत निम्मी झाली की त्याच राउटरकडे नूतनीकरण मागतो, आणि उत्तर मिळाले नाही तर मुदतीचा सात-अष्टमांश भाग उलटल्यावर समोर जो कोणी असेल त्याच्याकडे मागतो. मुदत संपेपर्यंत कोणीच उत्तर दिले नाही, तर पत्ता सोडावा लागतो. ‘सकाळी चालू होते, दुपारी आपोआप बंद पडले’ अशा तक्रारीचे एक कारण हे असू शकते, आणि ‘भाडेपट्टा’ म्हटल्यावर ते समजावून सांगावे लागत नाही.

पलीकडचे यंत्र उत्तर देते का, हे पाहणाऱ्या ‘पिंग’ या आज्ञेसाठी काय लिहावे, हे मात्र सुचत नाही.

प्रतिसाद (नारायण पेठ)

हाक मारणे आणि ओ देणे. याहून चांगली जोडी मराठीत सापडणार नाही. १९८३ मध्ये माइक मूस यांनी ही आज्ञा लिहिली, तेव्हा पाणबुडीतील ‘सोनार’ या ध्वनियंत्रणेचा आवाज त्यांच्या मनात होता. तिच्यातील संदेशांची अधिकृत नावेही ‘एको’ची विनंती आणि ‘एको’चे उत्तर अशीच आहेत. ‘पडसाद’ हा शब्द त्या मुळाशी अधिक इमानी ठरेल, परंतु पडसाद डोंगरही देतो आणि ओ फक्त जिवंत माणूस देतो. आपल्याला पलीकडे कोणी आहे का, हेच तर पाहायचे आहे. ‘राउटरला हाक मारा, तो ओ देतो का पाहा, मग ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला हाक मारा; मग एखाद्या साइटला तिच्या नावाने हाक मारा’ असे लिहावे. आकड्यांना ओ मिळते आणि नावाला मिळत नाही, तर दोष नाव शोधण्यात, म्हणजे नावावरून आकडी पत्ता काढण्यात, आहे, हे वाचणाऱ्याला शब्दांतूनच उमगेल.

‘नेमणूक’वरून ‘एनेबल्ड’साठी ‘नेमलेली’ असे लिहायचे ठरले, तर त्यावर माझी एक हरकत आहे. औंधच्या सभासदांनी दिलेले उदाहरण उत्तम आहे, पण उदाहरण ऐकलेले नसताना तक्त्यावर ‘सेवा नेमलेली आहे’ एवढेच वाचले, तर कोणी नेमली आणि कशासाठी, असा प्रश्न पडतो. प्रत्येक इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी शब्द ठेवला पाहिजे, हा आग्रह कोशात ठीक आहे. भिंतीवरच्या तक्त्यात ‘संगणक सुरू होताना आपोआप सुरू होईल’ हे पूर्ण वाक्य जागा अडवते, तरी काम करते.

प्रतिसाद (औंध)

हरकत मान्य आहे.

नावाच्या ओळीत एक भर घालावी. उबुंटूवर नावे शोधण्याचे काम सिस्टमडी-रिझॉल्व्हड ही वेगळी सेवा करते आणि ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये तिचा १२७.०.०.५३ हा पत्ता दिसतो. तो आकडा पाहून कोणी तो खोडू नये. तो याच संगणकाचा अंतर्गत पत्ता आहे. ती सेवा थांबलेली असेल तर नेटवर्कमॅनेजर चालू असूनही नावाला ओ मिळणार नाही, तेव्हा दोन्ही सेवांची हजेरी घ्यावी.

मूळ प्रश्नकर्ता (कर्वेनगर)

त्याप्रमाणे खर्डा बदलून काल काकूंना वाचायला दिला आणि मुद्दाम सेवा थांबवून ठेवली. त्यांनी वर ‘आपोआप सुरू होईल’ आणि खाली ‘आत्ता थांबलेली’ असे दोन्ही वहीत लिहिले, सेवा सुरू केली, राउटरला हाक मारली आणि ओ मिळाल्याची वेळ नोंदवली. आता एकच शब्द उरला आहे. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ या, नेटवर्कमॅनेजरकडून जोडण्यांची स्थिती विचारणाऱ्या आज्ञेच्या यादीत आमच्या तिसऱ्या संगणकाच्या केबलच्या जोडणीसमोर ‘अनमॅनेज्ड’ असे येते. ‘अव्यवस्थापित’ लिहिले, तर ती जोडणी अस्ताव्यस्त आहे असा अर्थ होतो.

प्रतिसाद (औंध)

‘अखत्यारीबाहेरची’ असे लिहावे. जोडणीत दोष आहे असे तो शब्द सुचवत नाही. ती नेटवर्कमॅनेजरच्या हाताखाली नाही, एवढेच सांगतो. डेबियनच्या पद्धतीत ‘इंटरफेसेस’ या जुन्या फाइलमध्ये एखाद्या जोडणीचे नाव लिहिलेले असले, की नेटवर्कमॅनेजर तिला हात लावत नाही. आपल्या तिसऱ्या संगणकावर ‘इटीसी’मधील ‘नेटवर्क’ या फोल्डरात ती फाइल उघडून पाहावी.