मदत हवी आहे : शनिवार-रविवारी शहराबाहेर पडताना लागणारी वाहनकोंडी कशी टाळावी?

नमस्कार मंडळी,

महिन्यातून एखादा शनिवार-रविवार शहराबाहेर काढायचा असे आमच्या घरात ठरले, त्याला आता वर्ष होत आले. पण गेल्या तीन सहलींपैकी एकीनेही विश्रांती दिली नाही, उलट प्रत्येक वेळी सोमवारी आम्ही जास्तच दमलेले होतो. अंतर फार नसते, साधारण दीडशे किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर पावणेतीन तासांत पोहोचता येते. मागच्या शनिवारी सकाळी सातला निघालो आणि साडेअकराला पोहोचलो. जो जादा वेळ गेला तो जवळजवळ सगळा एकाच पट्ट्यात गेला. शहरापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर तीन मार्गिकांच्या दोन होतात आणि लगेच लांबलचक चढ सुरू होतो. तिथे समोरच्या ट्रकच्या ताडपत्रीची सुटलेली दोरी मी इतका वेळ पाहत होतो की तिला किती गाठी मारल्या आहेत हेही आता सांगू शकेन. सहा वर्षांच्या मुलीला चालत्या गाडीत काही होत नाही. गाडी थांबत-सरकत जाऊ लागली की मात्र तिला मळमळते, आणि तसेच झाले. माझ्या आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तासभर पाय न हलवता बसणे तिला जड जाते.

त्याआधीच्या सहलीला सकाळी सहाला निघून पाहिले. तरीही त्याच चढाच्या पायथ्याशी अर्धा-पाऊण तास गेलाच. त्याच्याही आधी शुक्रवारी काम संपवून रात्री नऊला निघालो होतो. रस्ता बराच मोकळा मिळाला, पण अकराच्या सुमारास कडेच्या खडबडीत पट्टीवर टायर घासल्याचा आवाज आला, तेव्हा कळले की माझी पापणी मिटली होती. पुन्हा तो प्रयोग करायचा नाही, असे पत्नीने तिथेच बजावले आणि मीही वाद घातला नाही.

माझी मुख्य अडचण अशी आहे की ‘लवकर निघा’ हा सल्ला सगळेच देतात; पण लवकर म्हणजे नेमके किती वाजता, आणि ते कशावरून ठरवायचे, हे कोणी सांगत नाही. शिवाय मोबाइलवरील नकाशा मध्येच आडवाट सुचवतो, ती धरावी की नाही, हाही प्रश्न आहे. एकदा ती धरली, तर पुढच्या अरुंद पुलावर आमच्यासारखेच आडवाटेने आलेले लोक दोन्ही बाजूंनी अडकले होते. परतीचा प्रवास तर याहूनही वाईट असतो, कारण रविवारी संध्याकाळी सगळे शहर एकाच वेळी घरी परतत असते. ज्यांनी यावर विचारपूर्वक काही मार्ग काढला असेल, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

पहिला प्रतिसाद

आपण प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून उत्तरही थोडे हिशेबानेच देतो. घरातून किती वाजता निघायचे हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि त्या चढाच्या पायथ्याशी किती वाजता पोहोचायचे, एवढाच विचार करावा. बाकीचा रस्ता कसाही असला तरी आपला वेळ खाणारी जागा ती एकच आहे.

महामार्गाच्या एका मार्गिकेतून तासाला साधारण दोन हजार गाड्या जाऊ शकतात. म्हणजे आपल्या त्या दोन मार्गिकांच्या पट्ट्यातून सुरळीत असताना चार हजार. मात्र एकदा कोंडी झाली की थांबलेली प्रत्येक गाडी सुटायला थोडा वेळ घेते आणि त्याच जागेतून आधीपेक्षा कमी गाड्या बाहेर पडतात. समजा, ही संख्या छत्तीसशेवर आली. आता केवळ समजुतीसाठी असे धरू की सकाळी सहा ते आठ या वेळात तिथे तासाला ५,४०० गाड्या येतात आणि आठनंतर गर्दी ओसरून ३,००० येतात. पहिल्या दोन तासांत दर तासाला १,८०० गाड्या मागे साचतात, म्हणजे आठ वाजता रांगेत ३,६०० गाड्या असतात आणि शेवटच्या गाडीला पूर्ण एक तास थांबावे लागते. आठनंतर रांग घटते खरी, पण तासाला केवळ सहाशेने. म्हणजे गर्दी आठला संपली तरी कोंडी दुपारी दोनला सुटते. दहाला पोहोचणाऱ्याला चाळीस मिनिटे लागतात आणि बाराला पोहोचणाऱ्याला वीस. आपल्या चढावर परिस्थिती याहून वाईट दिसते, पण रांगेची तऱ्हा हीच असणार.

यावरून आपण सहाला निघालात तरी का अडकलात, ते लक्षात येईल. सहाला निघून आपण सातनंतर तिथे पोहोचलात. तोपर्यंत रांग तासभर वाढलेली होती. सहाच्या आत तो चढ ओलांडायचा तर घरातून पावणेपाचपूर्वीच निघायला हवे. ते जमत नसेल, तर सात-आठ वाजता घाईने निघण्यापेक्षा दुपारी साडेबारा-एकला जेवूनच निघणे बरे. अर्धा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो; पण सकाळी निघूनही तो दिवस आपण गाडीतच काढत आहात.

आता ही वेळ आपल्या रस्त्यासाठी नेमकी कशी शोधायची, ते सांगतो. ज्या शनिवारी कुठेही जायचे नसेल, त्या दिवशी पहाटे पाचपासून दुपारी दोनपर्यंत दर अर्ध्या तासाने मोबाइलवर त्या पट्ट्याची रहदारी पाहावी आणि स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. लाल रंग पहिल्यांदा कधी आणि कुठे उमटतो, रांगेचे शेपूट किती मागे सरकते आणि रंग कधी निवळतो, हे एका शनिवारात समजते. हवामान सारखे असेल आणि जोडून सुट्टी नसेल, तर पुढच्या शनिवारी फार फरक पडत नाही. प्रवासाच्या दिवशी निघताना नकाशा पाहून हायसे वाटून घेण्यात मात्र अर्थ नाही, कारण तो रंग त्या क्षणाचा असतो आणि आपण तिथे तासाभराने पोहोचणार असतो. गूगल मॅप्समध्ये निघण्याची वेळ आधी भरता येते. तिथे प्रवासाला लागणाऱ्या वेळेची कमाल आणि किमान मर्यादा दिसते. त्यांतली कमाल मर्यादाच खरी मानून चालावे.

दुसरा प्रतिसाद

वरील हिशेब पटला. आडवाटेविषयी थोडी भर घालतो. इंग्रज अभ्यासक जॉन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्ये एक तत्त्व मांडले होते. प्रत्येक जण स्वतःपुरती सर्वांत लवकरची वाट निवडू लागला, तर अखेरीस वापरातल्या सगळ्या वाटांना सारखाच वेळ लागू लागतो, असे ते सांगते. मोबाइलमुळे आता हे काही मिनिटांतच घडते. आडवाट दहा मिनिटे वाचवते असे दिसताच शेकडो लोक तिकडे वळतात, आणि ती वाट एकाच गाडीपुरती अरुंद असल्याने तिच्यात गाड्या मावण्याची क्षमता हमरस्त्याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून माझा नियम असा आहे की पाऊण तासाहून कमी बचत दिसत असेल तर हमरस्ता सोडायचा नाही, आणि ज्या वाटेवर अरुंद पूल किंवा रेल्वेचे फाटक आहे तिकडे कितीही बचत दिसली तरी वळायचे नाही. अपघातामुळे हमरस्ता पूर्ण बंद असेल तर गोष्ट वेगळी.

रांगेत असताना सतत मार्गिका बदलणाऱ्यांना तर हात जोडून सांगावेसे वाटते. जपानमधील संशोधकांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ गाड्या एकाच वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. त्या प्रयोगाचा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. रस्त्यात ना अडथळा, ना अपघात. तरी थोड्याच वेळात कोंडी तयार झाली आणि तिची लाट ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे सरकत राहिली. कोणी तरी किंचित ब्रेक दाबतो, मागचा थोडा जास्त दाबतो, असे होत होत काही गाड्या थांबतातच. पुढच्या गाडीपासून दोन-तीन सेकंदांचे अंतर राखून संथपणे सरकत राहिल्यास आपण काही लवकर पोहोचणार नाही. परंतु ब्रेकचे धक्के कमी होतात, आणि आपल्या मुलीच्या मळमळीवर त्याचा उपयोग होईल.

तिसरा प्रतिसाद

शुक्रवारी रात्री न निघण्याचा आपल्या पत्नीचा निर्णय अगदी योग्य आहे. ऑस्ट्रेलियातील १९९७ च्या एका अभ्यासात असे आढळले होते की सलग सतरा तास जागे असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते. सकाळी सहाला उठलेल्याचे सतरा तास रात्री अकराला भरतात, आणि आपली पापणी नेमकी तेव्हाच मिटली. हाच नियम पहाटे निघण्यालाही लागू आहे, हे वरच्या प्रतिसादांत राहून गेले. पावणेपाचला निघायचे असेल तर आदल्या रात्री नऊला झोपणे आवश्यक आहे. बारापर्यंत सामान भरत बसायचे असेल, तर त्यापेक्षा दुपारीच निघावे.

परतीसाठी रविवारचा मोह सोडता येत असेल तर सोडावा. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन पहाटे निघणे आम्हाला मानवले आहे. मात्र ऑफिसची गर्दी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे सातच्या आत, शहराच्या वेशीवर पोहोचायला हवे. रजा मिळत नसेल, तर रविवारी जेवणापूर्वीच निघावे. संध्याकाळी सहाच्या सुमारास निघणे सर्वांत वाईट.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे काल, शनिवारी, घरीच राहून पहाटेपासून नकाशा पाहत बसलो. (घरच्यांनी माझी यथेच्छ थट्टा केली.) पहिला लाल ठिपका सहा वाजून वीस मिनिटांनी चढाच्या पायथ्याशी उमटला. साडेआठपर्यंत त्याचे शेपूट जवळजवळ नऊ किलोमीटर मागे गेले आणि दुपारी पावणेदोनला रस्ता पुन्हा हिरवा झाला. म्हणजे माझी सातची वेळ ही निवडता येण्याजोग्या वेळांपैकी बहुधा सर्वांत वाईट होती.

मुलीला झोपेतूनच उचलून गाडीत ठेवता येईल, पण आईला पहाटेची घाई नको आहे. म्हणून पुढच्या महिन्यात शनिवारी दुपारी एकला निघायचे आणि सोमवारी पहाटे चारला परतायचे, असे ठरवले आहे. एक शंका उरते. त्या महिन्यात शुक्रवारची सुट्टी जोडून येत आहे. अशा वेळी गर्दी गुरुवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी सकाळीच बाहेर पडून शनिवार त्या मानाने मोकळा राहतो का? कोणाला प्रत्यक्ष अनुभव असल्यास कळवावे. नाही तर तो शुक्रवारही मी नकाशासमोरच काढेन.