जाडी वेगळी, ताठपणा वेगळा

डोळ्याचा दाब १५-१६, म्हणजे नॉर्मल असूनही काचबिंदू (डोळ्याची नस खराब करणारा आजार) कसा होतो, या प्रश्नाला ‘कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) पातळ असेल’ असं उत्तर मिळतं. खरंय, पण अर्धंच. डोळ्याचा दाब मोजणाऱ्या गोल्डमन टोनोमीटरचं टोक कॉर्नियाचा ३.०६ मिमी व्यासाचा भाग सपाट करायला किती जोर लागतो ते मोजतं. कॉर्निया मऊ असेल तर जाडी नॉर्मल असूनही दाबाचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो.

कॉर्व्हिस यंत्र हवेचा झोत मारून कॉर्निया आत दबताना आणि परत येताना सेकंदाला ४३०० च्या वर फ्रेम टिपतं. त्यात नॉर्मल टेन्शन काचबिंदूत (दाब नॉर्मल असूनही होणाऱ्या) कॉर्निया बहुधा जास्त मऊ दिसतो. दाब जास्त पण नस शाबूत (ऑक्युलर हायपरटेन्शन) असलेल्यांत ताठ. इथे एक गोम आहे. दाब जास्त असला की कुठलाही कॉर्निया ताठच वागतो, हवा भरलेल्या टायरसारखा. त्यामुळे दाबाचा परिणाम वजा न करता केलेली प्रकारांची तुलना मला तरी फारशी पटत नाही.

आणि हो, कॉर्नियाचा ‘हिस्टेरेसिस’ हा गुणधर्म म्हणजे ताठपणा नव्हे. धक्क्याची ऊर्जा जिरवण्याची ती क्षमता. ती कमी असलेल्यांत काचबिंदू वेगाने वाढण्याचा धोका जास्त असतो.

लॅटानोप्रॉस्टसारखे दाब कमी करणारे थेंबही कॉर्नियाचे हे गुणधर्म बदलू शकतात. जुने-नवे रिपोर्ट ताडून पाहताना थेंब कधी सुरू झाले तेही बघा.