विषय: भाऊकाकांची ब्रॅमली एअरफ्रायरमध्ये? (आजच हवंय)

मंजिरी, सकाळी ९:४०
भाऊकाकांच्या झाडाच्या ब्रॅमलीच्या (आंबट, शिजवून खायच्या सफरचंदांच्या) पिशव्या सगळ्यांकडे पोचल्या असतीलच. आमच्यातलं एकेक सफरचंद हातात मावत नाही. आईंचे नवरात्राचे उपास चालू आहेत, घरात आम्ही दोघीच, आणि दोघींसाठी मोठा ओव्हन पाऊण तास तापवायचा जिवावर येतं. म्हणून एअरफ्रायर. मागच्या वेळी नंदिनीवहिनींच्या पद्धतीनं अख्खं ठेवून, मधे पोकळ करून, मनुका-लोणी-साखर भरून लावलं, तर निम्म्या वेळातच फट्कन फुटलं. सगळा गर जाळीतून खाली. संध्याकाळी आरती झाली की आईंना द्यायचंय. फुटू नये म्हणून काय करू? क्रंबल सुचवू नका, मैदा आणि ओट्स दोन्ही चालणार नाहीत.

नंदिनी, ९:५८
माझ्या पद्धतीनं केलं असतंस तर फुटलं नसतं. सालीला कंबरेशी सुरीनं गोल चीर द्यायची असते. साल कापली जाईल एवढीच, गरात खोल नाही. आतली वाफ तिथून निघते. पोकळ करताना आरपार जायचं नाही, तळाशी पेरभर गर ठेवायचा, नाहीतर पाक खाली गळतो. आणि जाळीवर थेट कोण ठेवतं? छोट्या डिशमध्ये, बुडाला दोन चमचे पाणी. हे सगळं मी मंडळाच्या दिवाळी अंकाला सविस्तर लिहून दिलं होतं. जागेअभावी चीर तेवढी गाळली गेली. तीन पानं जाहिरातींना होती, असो.

भाऊकाका, १०:२०
ब्रॅमली फुटणारच. तिच्यात आम्ल भरपूर, शिजली की गराचा फेस होतो, म्हणून तर इंग्रज तिचा सॉस करतात. आकार टिकवायचा असेल तर दुकानातून कॉक्स किंवा ब्रेबर्न आणा, माझ्या झाडाला दोष नको.

नॉटिंगहॅममध्ये इतकी वर्षं राहून लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. हे फळ आपल्याच शेजारचं, साउथवेलचं. १८०९ मध्ये मेरी अॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं बिया लावल्या, त्यातून पहिलं झाड आलं. पुढे १८४६ मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅमली या खाटकानं विकत घेतलं. १८५६ मध्ये मेरीवेदर नावाच्या रोपवाटिकेवाल्या पोरानं कलमं मागितली, तर हा म्हणाला, ने, पण नाव माझं लाव. बी रुजवलं मुलीनं, नाव लागलं खाटकाचं. मूळ झाडाला आता बुरशी लागली आहे. असं झाड शेजारी असताना मंडळाची सहल दरवर्षी चॅट्सवर्थच्या वाड्यालाच का जाते, हा प्रश्न मी वार्षिक सभेतही विचारला होता.

मेधा, १०:३१
भाऊकाका, तुमच्याच सांगण्यावरून आम्ही ब्रॅमली लावली. फुलं येतात, फळ धरत नाही. काय करायचं?

भाऊकाका, १०:४४
एकटीच लावली असणार. ब्रॅमली ट्रिप्लॉइड (गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच), तिचे पराग कामाचे नाहीत. जवळपास त्याच सुमारास फुलणारी दुसऱ्या जातीची दोन झाडं लागतात: एक तिच्यासाठी, आणि त्या दुसऱ्यालाही फळ हवं असेल तर तिसरं. लावताना सांगितलं होतं.

मेधा, १०:४६
नव्हतं सांगितलं.

श्रीधर (हल्ली पुणे, यादीतून नाव काढू नका), ११:१५
मंजिरी, मुळात अख्खंच का हवंय? एक ब्रॅमली दोघींना पुरून उरते. मधोमध काप, चमच्यानं बियांचा भाग कोरून काढ, दोन वाट्या तयार. वरून उघडंच, मग फुटायचा प्रश्नच नाही. वेळही जवळजवळ निम्मा. इकडे ब्रॅमली मिळत नाही. हिमाचलचं रॉयल डिलिशस भाजलं की रवाळ आणि गोडमिट्ट, मजा नाही. ग्रॅनी स्मिथ मिळालं तर बरं होतं. मी छोट्या ओटीजीत करतो. ओटीजी नसेल तर कुकरमध्ये शिटी न लावता डब्यात ठेवून वाफवतो, रंग येत नाही पण चव येते.

नंदिनी, ११:२७
अर्धं केलं की ते भाजलेलं सफरचंद राहत नाही, फोडी होतात. करायचंच असेल तर उभं काप, देठापासून खाली. देठ दोन्हीकडे राहतो, दिसायला छान.

श्रीधर, ११:३८
उभं कापलं की कलंडतं. पाठ गोल असते, खालून चकती तासावी लागते आणि तिथूनच गळती सुरू. ब्रॅमली चपटी असते, आडवी काप, दोन्ही अर्धुकं आपापल्या बुडावर नीट बसतात. फक्त देठाकडच्या अर्ध्याचा देठ काढून टाक.

नंदिनी, ११:४१
आडवं कापलं तर बियांची चांदणी मधोमध येते, ती कोरताना साल फाटते.

श्रीधर, ११:५०
स्टीलच्या चमच्यानं नाही, मेलन बॉलरनं कोरा. नसेल तर मोजायचा पाव चमचा, धार चांगली असते त्याला.

शुभदाताई, दुपारी १२:०५
उभं की आडवं, भरायचं काय ते कोणी बोलेचना. गणपतीतलं मोदकाचं सारण कुणाच्या फ्रीजरमध्ये उरलं असेल तर तेच भरा. ओलं खोबरं, गूळ, वेलची, थोडं जायफळ. ब्रॅमली आंबट, गूळ तिला बरोबर पेलतो. वरून तुपाचा थेंब. लोणी-ब्राऊन शुगर-दालचिनी हे इंग्रजांचं झालं. शिवाय दालचिनी उपासाला चालत नाही.

अजय, १२:१२
दालचिनी का नाही चालत? आमच्याकडे विदर्भात चालते.

शुभदाताई, १२:२०
आमच्याकडे लवंग आणि वेलची, एवढंच. दालचिनी भाजीच्या मसाल्यातली.

अजय, १२:२२
वेलचीही मसाल्यातलीच की.

नंदिनी, १२:३५
मंजिरी, वर कस्टर्ड घाल, मस्त लागतं. अंड्याची काळजी नको, कस्टर्ड पावडरमध्ये अंडं नसतंच. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्डनं बायकोला अंडी सोसत नव्हती म्हणून ही पावडर शोधून काढली. आपण तीच खात मोठे झालो.

शुभदाताई, १२:४०
नंदिनी, कस्टर्ड पावडर म्हणजे कॉर्नफ्लोअर. मका धान्यात मोडतो. उपासाला नाही.

नंदिनी, १२:४३
मग चक्का फेटून घाला. मी काय सगळ्यांच्या उपासांची यादी घेऊन बसले नाही.

खजिनदार, १:१०
विषय निघालाच आहे तर: गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला मंडळाच्या कपाटातून काढलेल्या पायरेक्सच्या डिशेसपैकी एक लांबट डिश आणि तिचं झाकण परत आलेलं नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी शनिवारी भोंडल्याला आणावी. नाव घेत नाही.

नंदिनी, १:१४
ती लांबट डिश माझी स्वतःची आहे. बुडाखाली नेलपॉलिशनं माझं अक्षर आहे. मंडळाची गोल आहे. बघून लिहा.

मेधा, १:३०
भोंडल्यावरून आठवलं. खिरापतीला सफरचंदाचं काहीतरी करायचं ना? इतकी सफरचंदं पडलीच आहेत प्रत्येकाकडे.

शुभदाताई, १:३३
मेधा!! खिरापत ओळखायची असते. यादीवर लिहिलीस तर मुलं काय ओळखणार? खिरापत समिती बघून घेईल. आणि समिती तिघींची आहे, सगळ्यांची नाही.

भाऊकाका, २:०५
सफरचंदं संपवायची घाई करू नका. ब्रॅमली टिकते. डाग नसलेली बाजूला काढा, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून गॅरेजमध्ये किंवा शेडमध्ये थंड जागी ठेवा, एकमेकांना लागू देऊ नका. दर आठवड्याला बघून सडकं काढायचं. माझ्याकडची होळीपर्यंत पुरतात. दोघांच्या घराला पिशवी जड होते म्हणणाऱ्यांनी हे करावं, शेजाऱ्यांच्या दारात ठेवून येऊ नये. मला दिसतात.

मंजिरी, रात्री ८:५०
झालं. आडवं कापलं (सॉरी वहिनी). एकाच सफरचंदाच्या दोन वाट्या, पाव चमच्यानं कोरल्या. सारण फ्रीजरमधलं, आधी पूर्ण वितळवून घेतलं, थंडगार भरलं तर मधे कच्चं राहील असं वाटलं. डिशमध्ये दोन चमचे पाणी. वरून फॉइल झाकला, तो मात्र डिशच्या कडेखाली घट्ट दुमडावा लागतो, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानं उडून वरच्या कॉइलला चिकटतो. १६० वर झाकून वीस मिनिटं, मग उघडं पाच.

गर सालीच्या वर फुगून आला, पांढरा, हलका, कडेनं गुळाची तपकिरी रेघ. खोबऱ्याची टोकं जराशी करपली, तीच आईंना सगळ्यात आवडली. फुटलं नाही. दालचिनी घातली नाही, तेवढ्यावरून वाद नको. वर फेटलेला चक्का, बिनसाखरेचा. आई म्हणाल्या, आंबट आहे पण गुळानं सावरलंय. साल त्यांनी ठेवून दिली, मी खाल्ली.

श्रीधर, रात्री ९:२० (माझ्या पहाटे झोप उडालीय, म्हणून उत्तर)
साल खायचीच असते. उघडं ठेवलंस तेव्हा वरून तूप सोडलंस का?

नंदिनी, ९:२४
पाच मिनिटं उघडं कमी पडतं. आठ हवीत. आणि उभं कापलं असतंस तर खोबरं करपलं नसतं.

अजय, ९:३१
म्हणजे दालचिनी चालते की नाही, ते ठरलंच नाही.

खजिनदार, ९:४५
गोल डिश सापडली, कपाटातच खालच्या फळीवर होती. लांबट कोणाची यावर यापुढे चर्चा नको. झाकणाचा शोध चालू आहे.

शुभदाताई, ९:५२
अजय, दालचिनीसाठी वेगळा धागा काढ. त्यात मला घेऊ नकोस. आणि शनिवारी खिरापत ओळखायला सगळ्यांनी साडेपाचला यायचं, सहाला नव्हे. हॉल साडेआठला परत करायचा आहे.