रात्रीच्या पार्ट्या आणि आवाजाचा नियम : तुम्ही तो पाळायला कसा लावलात?

गेल्या शनिवारी रात्री पावणेदोनला आई पलंगावर उठून बसली होती, दोन्ही कानांवर हात ठेवून. समोरच्या गच्चीवर कुणाचा तरी वाढदिवस होता. मी तक्रारीचा फोन केला. दोघं आले, आवाज उतरला. ते गेल्यावर वीस मिनिटांत पुन्हा तेच. नियम आहे, तो राबवणारी माणसं आहेत, तरी आईची रात्र गेलीच. ज्यांना यात थोडंफार यश आलं त्यांनी घडलेलं सविस्तर लिहा. बाजू दुसरी असेल तरीही लिहा.

*

आमच्या उपयोगी पडली ती साधी वही. शेजारचं घर दर आठवड्याला नव्या लोकांना पार्टीसाठी भाड्याने जायचं. त्यामुळे प्रत्येक वेळी तक्रार 'पहिलीच' ठरायची आणि समज देऊन सोडून द्यायचे. मग आम्ही पाच घरांनी आपापल्या वह्या ठेवल्या. तारीख, सुरू कधी झालं, थांबलं कधी, घरातल्या कुठल्या खोलीत ऐकू आलं, खिडक्या बंद होत्या का, कोण येऊन गेलं. दोन महिन्यांनी पाचही वह्यांच्या प्रती एकत्र दिल्या. नोटीस पहिल्यांदाच घरमालकाच्या नावाने निघाली. पार्ट्या बंद झाल्या नाहीत, पण रात्री ठरलेल्या वेळेनंतर संगीत बंद होतं. वर्ष होत आलं.

*

मी कार्यक्रमांना साउंड लावतो, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. मोबाइलवरच्या ॲपचा आकडा घेऊन भांडायला जाऊ नका. मीटरचं नेहमीचं माप 'ए' पद्धतीचं असतं, म्हणजे खालचे, खर्जातले सूर त्यात कमी धरले जातात. त्यात ५० हर्ट्झच्या आसपासच्या ठोक्यातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. म्हणजे जो धडधडाट भिंतीतून आत येतो आणि झोपू देत नाही, तोच आकड्यात नीट दिसत नाही. माझ्या बहिणीच्या घरी अगदी असंच झालं. तपासणीला आलेले 'मर्यादेत आहे' म्हणून निघाले होते. मी त्यांना तोच मीटर 'सी'वर, म्हणजे खर्ज फारसा वजा न करणाऱ्या मापावर, करून बघायची विनंती केली. दोन आकड्यांत मोठी तफावत निघाली आणि त्यांनी अहवालात दोन्ही लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली झोपायच्या खोलीसाठी सलग आवाज ३० डेसिबलच्या आत असावा असं सुचवलं होतं, तेव्हा हीच सूचना होती: खर्ज जास्त असेल तर मर्यादा याहूनही खाली हवी.

*

मी दुसऱ्या बाजूचा. पार्टी माझ्याच घरी होती आणि खालच्या काकूंनी तक्रार केली म्हणून मी चिडलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. म्हणाल्या, "वर तेच गाणं तेवढ्याच आवाजात लाव आणि इथे येऊन दोन मिनिटं बस." मित्राला लावायला सांगून मी त्यांच्या खोलीत बसलो. गाण्याचा एक शब्द कळत नव्हता. फक्त ठोका. कपाटाची काच थरथरत होती आणि त्यांचा सहा महिन्यांचा नातू दर ठोक्याला दचकत होता. मला तिथे बसवेना. त्या दिवसापासून स्पीकर जमिनीवर ठेवत नाही, बास कमी असतो, आणि पाहुणे यायच्या आधी माझा नंबर काकूंकडे असतो. दोनदा त्यांचा फोन आला, दोन्ही वेळा लगेच बंद केलं.

*

रात्रपाळीत अशा तक्रारींवर मी बरीच वर्षं गेलो आहे, आता निवृत्त आहे. आम्ही पोचतो तेव्हा बहुतेक वेळा आवाज उतरलेला असतो, कारण गाडी दिसते. तक्रारदार नाव सांगत नाही, दार उघडत नाही, आणि नोंदवायला हातात काहीच उरत नाही. ज्यांनी "आत या, इथून ऐका" म्हटलं, त्यांच्या तक्रारी पुढे गेल्या. आवाज परत चढला तर पुन्हा फोन करा, आणि पहिल्या तक्रारीचा क्रमांक सांगा.

*

आमचं काहीच जमलं नाही. तीन वर्षं अर्ज केले, शेवटी घर सोडलं. तरी हे लिहिणं गरजेचं वाटलं.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. घर सोडावं लागलेल्या ताई, तुमचं वाचून फार वाईट वाटलं. निवृत्त काका, माझी चूक तुमच्यामुळे कळली. फोन करून मी दिवे बंद केले होते, खाली गेलेच नाही. क्रमांकही विचारला नव्हता. पुढच्या वेळी त्यांना आधी आईच्या खोलीत घेऊन येईन.